शंभराच्या नोटेवरच्या क्लाराबाई

गटाच्या बैठकीत आपण नोटा मोजतो, पण नोटेवरच्या चित्राकडे काही कुणाचं लक्ष नसतं. जर्मनीत १९९० पासून युरो येईपर्यंत शंभर मार्कांची एक नोट चालायची. तिच्या एका बाजूला एका बाईचा चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला पियानो. ही बाई राणीही नव्हती आणि पुढारीही नव्हती. पियानोचे कार्यक्रम करून तिनं घर चालवलं. तिचं नाव क्लारा शुमान.

पियानो आपण बघितला तो जुन्या हिंदी सिनेमात. घरात पार्टी, नायक पियानोवर गातोय आणि नायिका कोपऱ्यात डोळे पुसतेय! काळ्यापांढऱ्या पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच दिसतात, पण आतलं काम निराळं. पेटी भात्याच्या हवेवर वाजते. पियानोत पट्टी दाबली की आतला छोटा हातोडा तारेवर आपटतो. बोट हळू पडलं तर आवाज नाजूक, जोरात पडलं तर दणदणीत. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेच्या वर तारा असतात. मैफलीचा मोठा पियानो जवळपास पाच क्विंटल भरतो. माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

एकल वादन म्हणजे स्टेजवर एकच माणूस आणि एकच वाद्य, साथीला तबला नाही की तंबोरा नाही. आपल्याकडे कलाकार राग तिथल्या तिथे फुलवत नेतो. तिकडे मात्र संगीतकारानं लिहून ठेवलेले सूर जसेच्या तसे वाजवायचे असतात. मग कौशल्य कशात? कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, कोणता सूर पुढं आणायचा, यात. लिहिलेलं तेच असलं तरी दोघींच्या हातून ते सारखं उतरत नाही. एकाच मापाच्या पिठाची भाकरी दोन घरांत वेगळी होते, तसं समजा.

क्लाराचा जन्म १८१९ चा, लाइपझिग शहरातला. वडील पियानोचे शिक्षक आणि पियानो विकणारेही. आईवडील वेगळे झाले आणि पाच वर्षांची झाल्यावर तिथल्या कायद्याप्रमाणे ती वडिलांच्या ताब्यात गेली. नवव्या वर्षी तिनं लोकांसमोर वाजवलं. अकराव्या वर्षी तिच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम लागला. पुढं गावोगावचे दौरे सुरू झाले. मिळकत यायची, पण तिजोरीची चावी वडिलांकडे. रॉबर्ट शुमान या संगीतकाराशी लग्न करायचं तिनं ठरवलं, तेव्हा वडील आडवे आले आणि तिच्याच कमाईचा पैसा द्यायलाही तयार होईनात. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल तिच्या बाजूनं लागला आणि १८४० मध्ये लग्न झालं.

त्या काळी एका कार्यक्रमात गाणं, व्हायोलिन, वाद्यवृंद असं सगळं मिळून असायचं. दोन तास एकट्यानं पियानो वाजवणं ही नवी गोष्ट होती आणि ती रूढ करण्यात फ्रान्झ लिस्ट या वादकाचं मोठं नाव आहे. क्लाराबाईंनी दुसरी वाट पाडली. समोर सुरांचा कागद न ठेवता त्या पाठ वाजवायच्या. तेव्हा काहींना तो आगाऊपणा वाटला. आज मोठ्या वादकाकडून तीच अपेक्षा असते.

संसार मात्र आपल्यासारखाच होता. नवरा नव्या रचना करत बसायचा, तेव्हा घरात शांतता हवी, म्हणून यांचा रियाज बंद! आठ बाळंतपणं झाली. १८५४ मध्ये रॉबर्टना मानसिक आजार बळावला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. तेव्हा क्लाराबाईंना आठवं मूल व्हायचं होतं. मदतीसाठी कार्यक्रम करू, असं हितचिंतक म्हणाले, पण त्यांनी नको म्हटलं. बाळ चार महिन्यांचं असताना त्या दौऱ्यावर निघाल्या. घरी मुलांकडे बघायला आणि खर्चाची वही लिहायला योहानेस ब्राम्स नावाचा तरुण मित्र होता. तोही पुढं जगप्रसिद्ध संगीतकार झाला. १८५६ मध्ये रॉबर्ट गेले.

पुढची कितीतरी वर्षं पत्रव्यवहार, हॉल, तिकिटं, प्रवास, सगळं क्लाराबाईंनीच बघितलं. इंग्लंडला तर त्या अनेकदा गेल्या. प्रत्येक गावी पियानो निराळा, त्याच्याशी पुन्हा हात जुळवायचा. नवऱ्याच्या रचना लोकांना लगेच रुचत नव्हत्या, तरी त्या कार्यक्रमात घ्यायच्याच. स्वतः रचना करणं मात्र जवळजवळ थांबलं. त्यांच्या रचना आज पुन्हा वाजवल्या जातात, त्या ऐकल्या की याची हळहळ वाटते.

१८७८ पासून फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयात त्या शिकवू लागल्या. मुलगा आजारी पडला, तेव्हा नातवंडांचा भारही त्यांनीच उचलला. शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ मध्ये झाला, तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

आपण प्रोसिडिंग बुक ठेवतो ना, तशी त्यांनी आपल्या कार्यक्रमांची छापील पत्रकं लहानपणापासून जपली. तेराशेच्या वर भरतात ती. आज ती त्स्विकाउ या गावी, रॉबर्ट शुमान यांच्या जन्मघरातल्या संग्रहालयात आहेत.