साक्षीदाराची भाषा आणि वकिलीचे शिक्षण

वकिली म्हणजे केवळ वक्तृत्व, अशी विधिविद्यार्थ्यांची सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः खटल्याचा पाया साक्षीच्या प्रश्नोत्तरांत घातला जातो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी एका अनिवार्य प्रश्नपत्रिकेत अभिरूप न्यायालय, खटल्यांचे अवलोकन आणि पक्षकाराची मुलाखत यांस प्रत्येकी ३० गुण ठेवले, हे योग्यच होय. परंतु हा सराव कोणत्या भाषेत व्हावा?

१९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात प्रमाण मराठीसमवेत झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी नांदतात. साक्षीदार घरच्या बोलीत उत्तर देतो; नोंद मात्र सामान्यतः न्यायालयाच्या भाषेत, बहुधा सलग निवेदनाच्या रूपात होते.

उलटतपासणीत सूचक, म्हणजे अपेक्षित उत्तर सुचविणारे, प्रश्न विचारता येतात. “तुम्ही तेथे नव्हता ना?” यास “हो” असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ “हो, नव्हतो” की “हो, होतो”? “मी तेथे नव्हतो, हे म्हणणे खरे नाही” या रूढ साच्यात तर नकारावर नकार चढतो. अशा एका शब्दावर आरोपीची सुटका किंवा शिक्षा अवलंबून राहू शकते.

म्हणून सरावाच्या वेळी एका प्रश्नात एकच गोष्ट असावी, क्रियापद होकारार्थी असावे, शब्द साक्षीदाराच्या परिचयाचे असावेत; उत्तर संदिग्ध वाटल्यास तत्काळ खुलासा विचारावा. पुढे प्रश्न, उत्तर व नोंद शेजारी मांडून विद्यार्थ्यांनी ती ताडून पाहावीत. न्यायाधीशाचे मन वळविणारा युक्तिवाद अखेर त्या नोंदीवरच उभा राहतो.