जबडा तुटला तर प्लेट एक, दोन की मोठी? ठरतं कशावरून?

पाम बीच रोडवरून सारसोळे जंक्शनकडे येताना दुचाकी घसरली आणि हनुवटी रस्त्यावर आपटली, तर हाड फक्त हनुवटीलाच मोडतं असं नाही. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. मार पुढे बसतो आणि कानाजवळचा सांधाही मोडू शकतो. म्हणूनच 'एकच प्लेट का लावली?' या प्रश्नाचं उत्तर हाड कुठे तुटलंय यावर अवलंबून असतं.

पूर्वी काय करायचे?

वरचे-खालचे दात तारेने बांधून तोंड साधारण ४ ते ६ आठवडे बंद ठेवायचे. पेशंट तेवढे दिवस पातळ अन्नावर. काही फ्रॅक्चरमध्ये आजही हाच मार्ग निवडला जातो.

मिनीप्लेट

फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधले सर्जन मॅक्सिम शाम्पी यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत रुळवली. टायटॅनियमची बारीक पट्टी आणि साधारण २ मिमी जाडीचे स्क्रू. ते हाडाच्या बाहेरच्या थरातच बसतात, त्यामुळे दातांची मुळं आणि नस वाचवता येते. चीर बहुधा तोंडाच्या आतून असते, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

चावताना जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात हाडाची वरची कड उघडू पाहते. तिथे वरच्या कडेला एक प्लेट पुरते. हनुवटीजवळ मात्र हाड पिळलंही जातं, म्हणून तिथे दोन.

दोन प्लेट म्हणजे जास्त पक्कं, असं वाटू शकतं. पण अमेरिकेतले सर्जन एडवर्ड एलिस यांच्या १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत, कोपऱ्यातल्या फ्रॅक्चरला दोनपेक्षा एका मिनीप्लेटने कमी गुंतागुंत झाली.

लॉकिंग प्लेट

साधा स्क्रू हाडाला प्लेटकडे ओढतो. प्लेट नीट वाकवलेली नसेल तर हाड सरकतं आणि दात जुळत नाहीत. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटच्याच आट्यांत अडकतं, त्यामुळे ही चूक टळते. ती महाग असते. साध्या फ्रॅक्चरमध्ये निकालात फारसा फरक दिसत नाही.

मोठी प्लेट कधी?

हाडाचा चुरा झाला असेल, तुकडा गेला असेल किंवा दात नसलेल्या वृद्धाचा जबडा बारीक झाला असेल, तर मिनीप्लेट टिकत नाही, कारण ती हाडासोबत भार वाटून घेते. तिथे सगळा भार स्वतः पेलणारी जाड रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते. त्यासाठी अनेकदा बाहेरून, जबड्याखाली चीर द्यावी लागते.

पेशंटने काय पाहावं?

दात नेहमीसारखे जुळत नसतील, खालचा ओठ बधिर असेल, तोंड उघडत नसेल, तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन टाळू नका. नेरूळमध्ये डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दोन दंत महाविद्यालयं जवळ आहेत. प्लेटने त्रास दिला नाही तर ती सहसा काढत नाहीत. तंबाखू-सिगारेट मात्र बंद करा. त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.