तान्ह्या बाळाला प्रश्न कसा विचारायचा?

अंगणवाडीत बाळाला झोळीत ठेवून वजनकाट्याला टांगताना तुम्ही पाहिले असेल. बाळ भोकाड पसरते, ताई काटा वाचतात, तक्त्यावर एक ठिपका पडतो. वजन कळले. पण त्या बाळाला ऐकू येते का, ते आईचा आवाज ओळखते का, हे कोणता काटा सांगणार?

बाळालाच विचारावे, तर ते बोलत नाही. दोन दिवसांच्या बाळाला मानसुद्धा सावरत नाही. मग त्याला येते तरी काय? चोखता येते, पाहता येते, आणि कंटाळता येते! मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच तीन गोष्टी हाताशी धरल्या.

अमेरिकेत अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी 1980 साली तीन दिवसांच्या आतल्या बाळांना यंत्राला जोडलेली चोखणी दिली. बाळ सलग चोखत नाही. थोडे चोखते, थांबते, पुन्हा चोखते. बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, की ध्वनिफितीवरून त्याच्या आईचा आवाज येई. कमी थांबले, की दुसऱ्या बाईचा. काही बाळांसाठी नियम मुद्दाम उलटा ठेवला होता. का, सांगा पाहू? सगळीच बाळे आपोआप जास्त वेळ थांबू लागली असती, तर ते आईसाठी थांबतात असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. पण ज्याचा जसा नियम, तसे बाळ आपले थांबणे बदलत गेले. त्यांना आईच हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, तीन दिवसांत आईचा आवाज ओळखीचा झाला असेल. रास्त शंका आहे. म्हणून 1986 साली डिकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गर्भवती मातांना शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एकच गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर बाळांनी तीच गोष्ट पसंत केली, दुसऱ्या बाईने वाचली तरीसुद्धा. म्हणजे ओळख पोटातच झाली होती.

येथे तुम्हाला अभिमन्यू आठवला असेल! पण जरा थांबा. पोटात आवाज पोचतो तो गोधडीआडून ऐकू यावा तसा. शब्द पुसट होतात, चाल आणि ताल उरतात. बाळ ती लय ओळखते. अर्थ त्याला कळत नाही, त्यामुळे चक्रव्यूहाचे काही जमायचे नाही. पोटातल्या बाळाला हुशार करणाऱ्या महागड्या ध्वनिफिती विकणाऱ्यांना हा फरक सांगायला कोणी गेलेले दिसत नाही.

आता एक गंमत करा. ‘त’ म्हणा, मग ‘ट’ म्हणा. जीभ कुठे लागते? ‘त’ला दातांना, ‘ट’ला वळून टाळूला. आपल्याला हा फरक सहज ऐकू येतो. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो ऐकताना फार कष्ट पडतात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाजूच्या पेटीतले खेळणे उजळून हलू लागे; ज्या बाळाला बदल कळे, ते आधीच मान वळवून पेटीकडे पाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला! हिंदी घरांतल्या बाळांना मात्र त्याही वयात तो कळत होता. हे 1984 साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेला लागतो. आपल्या हिंगोली जिल्ह्याचाच विचार करा. वसमतच्या मराठी घरात ‘हळद’मधला ‘ळ’ पाळण्यातूनच कानी पडतो, हिंगोली शहरातल्या उर्दू घरात तो नसतो; सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यावरचे बाळ तर आजीची लमाणी आणि शेजारची मराठी अशा दोन्ही ऐकत वाढते. दोन भाषांनी बाळ गोंधळते, हा आपला समज खरा नाही.

पण ज्याला ऐकूच येत नाही, त्याचे काय? त्याचे हे महिने फुकट जातात. आणि फसगत अशी की, न ऐकणारे बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच हुंकार देते. घरचे म्हणतात, “याचा बापही उशिरानेच बोलला होता.” अशा समजुतीत दोन वर्षे सहज निघून जातात.

मग उशीर कशाला म्हणायचे? त्यासाठी आपल्याकडच्या शेकडो बाळांना काय केव्हा येते, हे मोजलेले हवे. पूर्वी हाती होती ती अमेरिकेतल्या बाळांची मोजमापे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची पाहणी केली आणि 1970 साली ती प्रसिद्ध झाली. त्यातून पुढे आलेल्या चाचणीत जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या 67 शारीरिक हालचाली आणि 163 मानसिक कृती आहेत. 1997 मध्ये ती सुधारून पुन्हा निघाली. एवढी लांब चाचणी अंगणवाडीत कशी होणार? म्हणून तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्या मोजमापांतून निवडक 17 कृतींचा तक्ता बनवला. प्रत्येक कृतीसमोर एक आडवी पट्टी आहे. पट्टी सुरू होते तेथे शंभरातल्या 3 बाळांना ती कृती येते. संपते तेथे 97 बाळांना. पट्टी लांब आहे, हे नीट पाहा. शेजारचे बाळ अकराव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर दोघेही पट्टीच्या आतच असू शकतात. पट्टी ओलांडली, तरच तज्ज्ञाला दाखवायचे.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतात. पण रोज बाळाजवळ असता ते तुम्ही. घरात सहा-सात महिन्यांचे भावंड असेल, तर आईच्या मांडीवर बसवा आणि मागे एका बाजूला उभे राहून किल्ल्या वाजवा. तुमची सावली किंवा हाताचा वारा त्याला लागू देऊ नका; नाहीतर ते आवाजाला वळले की सावलीला, हे कळणार नाही. आईलाही सांगून ठेवा, की तिने मागे पाहायचे नाही. बाळ वळले नाही, तर घाबरू नका. पोट भरलेले असेल, झोप आली असेल. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा करा, दुसऱ्या बाजूनेही करा. तरीही वळले नाही, तर अंगणवाडीच्या ताईंना किंवा डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा.