जंप स्टार्टर घेतला, पण ऐनवेळी चालेल का? ठेवून दिलेल्या जंप स्टार्टरचं चार्जिंग असं सांभाळा

गाडीची बॅटरी उतरली की आपल्याकडे दोनच उपाय असायचे. चार पोरं गोळा करून धक्का मारायचा, नाहीतर शेजारची गाडी आणून वायरी जोडायच्या. आता पॉवर बँकेसारखा दिसणारा जंप स्टार्टर मिळतो. चिमटे लावा, सेल्फ मारा, गाडी चालू! पण घेतल्यापासून सहा महिने डिकीत पडलेला जंप स्टार्टर ऐनवेळी चालेल याची खात्री काय?

माझं गाव अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांच्या गाड्या इथे कित्येक दिवस दारात उभ्या असतात. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर मंचर गाठायचं, आणि वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. जुन्नर वनविभागात बिबट्यांचा वावर किती आहे, हे वेगळं सांगायला नको. गाडी ऑटोमॅटिक गिअरची असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही. म्हणून आज हा विषय.

आत नक्की असतं काय?

आपल्या फोनमध्ये असते तशीच लिथियम बॅटरी. बहुतेक जंप स्टार्टरमध्ये ३.७ व्होल्टचे ३ सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणजे एकूण ११.१ व्होल्ट, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट.

आता थोडा हिशोब करू. १२,००० एमएएच क्षमता ३.७ व्होल्टने मोजली तर ४४.४ वॉट-तास होतात. इंजिन फिरवायला समजा १० व्होल्टवर २०० अँपिअर ३ सेकंद लागले, तर खर्च होतात जेमतेम १.७ वॉट-तास. मग २५ टक्के चार्ज असला तरी पुरायला हवा ना?

नाही! इथे प्रश्न साठ्याचा नाही, जोराचा आहे. टाकीत पाणी भरपूर आहे, पण टाकीच जमिनीवर ठेवलेली. मग नळाला धार कुठून येणार? तसंच हे. चार्ज उतरला की व्होल्टेज उतरतं आणि सेल्फचा भार पडताच ते आणखी कोसळतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर बॅटरीचा आतला अवरोधही वाढतो. म्हणून चार्ज निम्म्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

न वापरता चार्ज का उतरतो?

लिथियम सेल नुसता ठेवला तरी महिन्याला साधारण १ ते ३ टक्के चार्ज आपोआप गमावतो. वर आतलं सर्किट थोडी वीज खातं, ते वेगळंच. असंच चालू राहून सेलचं व्होल्टेज फारच खाली गेलं, तर आतलं तांबं विरघळायला लागतं. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. म्हणून बऱ्याचदा सर्किटच चार्जिंग नाकारतं आणि वस्तू कायमची बाद होते.

मग १०० टक्के करून ठेवू का?

तेही नको. पूर्ण भरलेला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो, आणि उष्णता असेल तर त्याहून लवकर. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती याचसाठी. बरेच दिवस बंद ठेवायचा आयफोन ॲपल ५० टक्क्यांवर ठेवायला सांगते. पण फोन पडून राहिला तर आपलं काही अडत नाही. जंप स्टार्टर कधीही लागू शकतो. म्हणून मी मधला मार्ग धरतो: ७० ते ८० टक्के. चार दिवे असतील तर तीन लागलेले हवेत. कायम चार्जरला लावून मात्र ठेवू नका.

उन्हाळ्यात गाडीत नको

एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. तापमान १० अंशांनी वाढलं की सेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे उन्हाळ्यात जंप स्टार्टर घरातच, सावलीत आणि कोरड्या जागी ठेवा. "मग रस्त्यात अडकलो तर?" बरोबर प्रश्न आहे. लांब निघताना फोनच्या चार्जरसोबत तोही पिशवीत टाका, आणि परत आलात की घरात आणा.

कधी तपासायचा? सण लक्षात ठेवा

दर तीन महिन्यांनी तपासणं पुरेसं आहे. त्यासाठी मी चार सण धरलेत:

- मकर संक्रांत
- गुढीपाडवा
- आषाढी एकादशी
- दसरा

दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतोच, तेव्हाच जंप स्टार्टरचं बटण दाबून दिवे बघायचे. दोन किंवा कमी लागले तर चार्जिंगला लावा. विसरायला होत असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच चार रिमाइंडर टाका.

वापर झाल्यावर

गाडी सुरू झाली की चिमटे लगेच काढा. जंप स्टार्टर गरम असेल तर आधी थंड होऊ द्या, मग त्याच दिवशी चार्ज करा. ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरवर ४४ वॉट-तासांचा रिकामा जंप स्टार्टर भरायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे ऐनवेळी "थांब, लावतो चार्जिंगला" हे जमणार नाही, आणि वीज गेलेली असेल तर विषयच संपला.

दोन गोष्टी विसरू नका

१. तुमच्याकडे जुना, वजनदार, लेड-ॲसिड बॅटरीचा जंप स्टार्टर असेल तर नियम नेमका उलटा. तो नेहमी पूर्ण भरूनच ठेवायचा. अर्धवट चार्जवर त्याच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि क्षमता जाते.

२. लिथियम जंप स्टार्टर फुगलेला दिसला तर वापर आणि चार्जिंग दोन्ही बंद. तो टोचू नका, कचराकुंडीत किंवा चुलीत टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.

थोडक्यात काय, तर तीन दिवे, घरातली सावली आणि चार सण. एवढं सांभाळलंत की काम झालं. तुमचा जंप स्टार्टर आत्ता कुठे आहे? आज तेवढं एकदा बटण दाबून बघा!