अर्धी दाढ ठेवण्यातला शहाणपणा

अक्कलदाढ काढल्यावर ओठ बधिर राहिला, की दोष डॉक्टरांच्या हाताला दिला जातो. पण नस वाचणार की दुखावणार, हे बरेचसे भूल देण्याआधीच ठरते: दाढ काढायची का, आणि काढायची तर किती, या निर्णयात. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्यातली नस खालचा ओठ, हनुवटी आणि दातांना संवेदना देते, आणि अडकलेल्या अक्कलदाढेची मुळे कित्येकदा याच बोगद्याला टेकलेली असतात. जिभेची नस वेगळी. ती आतल्या बाजूला हाडालगत असते, एक्स-रेत दिसत नाही, आणि दुखावली तर त्या बाजूची चवही जाऊ शकते. (तोंड वाकडे होण्याची भीती मात्र इथे लागू नाही; या नसा संवेदनेच्या आहेत.) बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. कायमचा राहण्याचे प्रमाण एकंदरीत 1 टक्क्याहून कमी आहे, पण मूळ नसेला चिकटलेले असेल तर ही सरासरी दिलासा देत नाही.

धोका ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, बऱ्यापैकी ओळखता येतो: मुळावर काळसर पट्टा, बोगद्याची तुटलेली पांढरी कड, किंवा मुळापाशी वळलेला बोगदा. मग सगळ्यांचाच सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, का काढू नये? कारण त्यात नस कुठे आहे ते नेमके दिसते, पण ओपीजीशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत त्यामुळे इजा कमी झाल्याचे आढळले नाही. चित्र पाहून बेत बदलला, तरच त्याचा उपयोग. असा एक बेत म्हणजे कोरोनेक्टॉमी: दाढेचा वरचा भाग कापून मुळे हाडातच ठेवायची. हे अर्धवट काम वाटते खरे. पण धोक्याच्या दाढांवरच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत पूर्ण काढलेल्या 102 दाढांपैकी 19 ठिकाणी नस दुखावली. कोरोनेक्टॉमी यशस्वी झालेल्या 58 पैकी एकाही ठिकाणी नाही. आणखी 36 दाढांची मुळे मात्र शस्त्रक्रियेतच सैल झाल्याने काढावी लागली. मुळाशी जंतुसंसर्ग असेल तर हा मार्ग बंदच.

कोवळ्या वयात मुळे अपुरी आणि हाड मऊ असते, म्हणून सगळ्यांच्या दाढा तेव्हाच काढाव्यात, असे कोणी म्हणेल. पण न दुखणारी, न किडलेली दाढ काढणे म्हणजे नसलेल्या आजारासाठी खरा धोका पत्करणे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2000 सालीच अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितले. राहिला आक्षेप कोरोनेक्टॉमीत मागे ठेवलेल्या मुळांचा. ती पुढे वर सरकतात, क्वचित काढावीही लागतात. पण तोवर ती सहसा नसेपासून दूर आलेली असतात.