परसात मुंगूस आलं तर

जालना, अंबड, भोकरदनकडे परसात मुंगूस दिसलं की कुणी काठी शोधतं, कुणी पिंजरा. दोन्ही नको. ते वाट चुकलेलं नसतं. उंदीर, सरडे, किडे खात बांधाकाठी, वस्तीलगतच ते राहतं. धरून लांब सोडलं तर बिळातली पिल्लं मागे उपाशी राहतात. ब्रशांच्या केसांसाठी आधीच त्याची चोरटी शिकार होते, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे.

कोंबडीची पिल्लं आणि अंडी नेतं, हा आक्षेप खराच. पण मुंगूस दिवसा फिरतं, तेव्हा खुराड्याला बारीक जाळी लावावी, अंडी वेळेवर उचलावीत. रेबीजची भीतीही रास्त आहे: चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठावा. जखमी मुंगूस दिसलं तर हात न लावता वनविभागाला १९२६वर कळवा.