बांधापलीकडचं गाजर गवत

खुरपणीच्या दिवसांत माझ्या मनगटांवर पुरळ उठतं, गाजर गवतामुळे. 1955च्या सुमारास ते आमच्याच पुण्यात दिसलं. फुलोऱ्याआधी उपटलं नाही, तर एकेक झाड हजारो बिया टाकतं. मी उपटते; बांधापलीकडचं पडीक रान मात्र पांढऱ्या फुलांनी भरलेलं! कायद्याची गरज नेमकी इथंच भासते. कर्नाटकनं 1968च्या कीड-रोग कायद्याखाली 1975 मध्ये या गवताला घातक तण ठरवलं. म्हणजे तिथं जमीन ज्याच्या ताब्यात, ते काढणं त्याची जबाबदारी. पण रस्त्याकडेला, रेल्वेलगत, गायरानात नोटीस कुणाला बजावायची? हा प्रश्न मला छळतो. मेक्सिकोतून आणून 1984 मध्ये सोडलेले भुंगेरे पावसाळ्यात या गवताची पानं फस्त करतात. दिसले की डब्यात गोळा करते आणि त्या पडीक रानात सोडून येते.